पहिला तुकडा घरच्यांचा

माझा नवरा गेली सोळा वर्षं लोकांचे वाढदिवस साजरे करतो. म्हणजे आहे वेटरच, पण हॉटेलात सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण वाढदिवसाचं गाणं तोच सुरू करतो. काउंटरवरची घंटा वाजली की हातात असेल ते खाली ठेवायचं आणि सगळ्या वेटरांनी त्या टेबलाशी रांगेत उभं राहायचं, अशी तिथली पद्धत आहे. मास्तरनं सूर लावायचा, बाकीच्यांनी ओढायचा. एकेका संध्याकाळी चार-चार केक असतात. घरी येतो तेव्हा घसा पार बसलेला. मी म्हणते, गिऱ्हाइकांना गाणं आणि आम्हाला नुसतं खाकरणं.

त्याचा स्वतःचा एक नियम आहे. गाणं संपून टाळ्या झाल्या की सगळ्यांनी एकदम पाठ फिरवायची आणि स्वयंपाकघराकडे चालू लागायचं. रेंगाळायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. "पहिला तुकडा घरच्यांचा असतो," असं तो प्रत्येक नव्या वेटरला बजावतो. "आपण तोंडाकडे बघत उभे राहिलो तर त्यांना मोकळेपणानं भरवता येत नाही." दुसऱ्यांच्या घरच्यांचं त्याला फार कळतं.

आमच्या बबडीचा केक आठ वर्षं दुसऱ्या दिवशी सकाळीच कापला गेला. शाळेच्या गणवेशात ती, आणि समोर अर्धवट डोळे उघडे ठेवून बसलेला हा. एकदा तर तिनं तुकडा पुढे केला आणि हा बसल्या बसल्या घोरायला लागला. आम्ही हसलो. पण बबडीनं तो तुकडा गुपचूप डब्यात भरला, ते मी पाहिलं होतं.

यंदा नववा. तिनं सायकल मागितली नाही, फ्रॉक मागितला नाही. म्हणाली, "बाबा, तुझ्या हॉटेलात जायचं. ते गाणं मला एकदा ऐकायचंय. पण म्हणतील बाकीचे. तू माझ्या समोर खुर्चीवर बसायचं. मी पहिला तुकडा तुला भरवणार. उठायचं नाही."

"नाही उठणार."

"माझ्या हातावर हात मार."

त्यानं मारला. महिनाभर आधी सुट्टी सांगून ठेवली. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक. टेबलाला हात लावलात तर बघा."

आम्ही गेलो संध्याकाळी सातला. खिडकीजवळचं टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, बबडीसाठी उशी ठेवून उंच केलेली खुर्ची. नवऱ्याला मी त्याचा निळा शर्ट इस्त्री करून दिला होता. हा माणूस या खोलीत रोज दहा तास वावरतो, पण इथल्या खुर्चीवर कधी टेकलेला नाही. कसं बसायचं तेच त्याला कळेना. पाठ टेकेना, कोपर कुठे ठेवावं ते उमजेना. सूप आलं तर यानं वेटरच्या हातातला वाडगा घेऊन स्वतःच बबडीपुढे ठेवला, तोही तिच्या डाव्या बाजूनं, रीतसर. शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास रिकामा झाला आणि हा अर्धा उठला.

"बाबा, बस ना."

"बसलोय की गं."

मग टेबलक्लॉथवरचा पावाचा चुरा तळहातात गोळा करायला लागला. मी टेबलाखालून पायावर पाय दिला तेव्हा कुठे थांबला. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून मी आले होते, मलाही कुणीतरी आणून द्यावं आणि आपण खावं असं वाटत होतं. पण बबडी खूश होती. दर दोन घासांनंतर समोर बघायची, बाबा आहे याची खात्री करायची आणि पुन्हा खायची.

जेवण आटोपलं. दिवे मंद झाले. बबडीनं खुर्चीत सरसावून बसत त्याला डोळ्यांनीच दटावलं आणि त्यानं मान हलवली.

घंटा वाजली.

मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून शपथेवर सांगू शकते, त्यात त्याचा विचार असा काही नव्हताच. मांडीवरचा नॅपकिन टेबलावर गेला, खुर्ची आवाज न करता मागे सरकली आणि हा उभा राहिला. केक घेऊन वेटर आले तेव्हा हा रांगेत, त्याच्या नेहमीच्या जागी, बबडीच्या खुर्चीमागे होता. एका वेटरनं त्याला कोपरानं ढोसलं. पण तोवर यानं सूर लावला होता.

छान गातो हो. सोळा वर्षांत मीही पहिल्यांदाच ऐकलं. एवढा मोकळा आवाज आमच्या घरात कधी निघाला नव्हता. बबडीचं नाव घ्यायची जागा आली तेव्हा त्यानं ते इतरांच्या मुलांचं घ्यावं तसंच घेतलं, स्पष्ट आणि गोड. बबडी मागे वळून बघत नव्हती. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मेणबत्त्या तिनं त्या खुर्चीकडे तोंड करूनच विझवल्या.

टाळ्या झाल्या. रांगेनं पाठ फिरवली आणि माझा नवराही त्यांच्याबरोबर चालू लागला.

बबडीनं केक कापला होता. तुकडा हातात धरून ती म्हणाली, "बाबा!"

तो चालतच राहिला.

"बाबा!" या वेळी मोठ्यानं. पलीकडच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी चमकून मान वर केली, कारण तेही कुणाचे तरी बाबा होते. माझ्या नवऱ्यानं केली नाही. त्या खोलीत त्याला त्या नावानं कधी कुणी हाक मारलेलीच नव्हती.

मी उठायला लागले. बबडीनं मला हातानं थांबवलं. मग आजूबाजूची माणसं करत होती तसा तिनं हात वर केला आणि म्हणाली, "वेटर!"

तो तिथल्या तिथे वळला. हसऱ्या चेहऱ्यानं झपझप आला, जरासा वाकला आणि म्हणाला, "बोला मॅडम, काय आणू?"

आणि मग त्याला दिसलं, आपण कुणापुढे वाकलोय ते.

चेहऱ्यावरचं हसू काढून घ्यायलाही त्याला वेळ मिळाला नाही. ते तसंच राहिलं आणि वर डोळे भरून आले. मागे दोघं-तिघं वेटर हसले. त्यांना वाटलं, बापलेकीची थट्टा चाललीय. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर तुकडा फेकणार, कारण रागाच्या बाबतीत ती माझ्यावर गेलीय. तिनं यातलं काहीच केलं नाही. क्रीम मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"काही नको," ती म्हणाली. "तू बस."

तो बसला. तिनं भरवलेला तुकडा त्यानं खाल्ला. "बबडे, माझं चुकलं," म्हणाला. ती म्हणाली, "असू दे. गाणं खूप छान होतं." मग तिनं त्याला पाणी हवंय का विचारलं, केक आवडला का विचारलं. घरी पोहोचेपर्यंत ती त्याच्याशी अशीच बोलत राहिली, समजूतदारपणे, सांभाळून, पाहुण्यांशी बोलतात तशी. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. या बोलण्याचं काय करायचं, ते मला कळेना.