सोळाच्या जागी पंधरा

"नावं सगळी दिसतायत, मॅडम. उघडली की कचरा," अंशुमन म्हणाला आणि मीनाक्षीला पडदा दिसावा म्हणून त्याने आपली खुर्ची बाजूला सरकवली.

तिने काळा चष्मा काढला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी ती आज प्रयोगशाळेत आली होती. पडद्यावर फायलींची यादी होती. गावाची पहिली चार अक्षरं, पुढे नमुन्याचा क्रमांक. अंशुमनने त्यातली एक फाइल उघडली. आकड्यांच्या दोन रकान्यांऐवजी चौकोन, बाण आणि बारीक हसरे चेहरे पडदाभर पसरले.

"हे चेहरे बघून जास्त डोकं फिरतं, यार," तो म्हणाला. मग जीभ चावली. "सॉरी मॅडम."

"कधी झालं?"

"तुम्ही रजेवर गेलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. इमारतीची वायरिंग बदलत होते, दोन दिवस लाइन बंद होती. चालू केलं तर हा संगणक सेटिंग विचारायला लागला. आतली बॅटरी संपलेली. मी सेल नवे घातले, रजिस्टर काढलं, डिस्कचे आकडे बघून टाइप केले. तरी हे असं."

"डिस्कवर काही लिहिलंस?"

"काही नाही. फ्लॉपीवरून चालू करून नुसतं वाचलं. म्हटलं, मॅडम येऊ देत." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून एक जण येतोय तीनला. तो रिपेअरचा प्रोग्रॅम चालवणार. म्हणाला, 'सर, जो बचेगा सो बचेगा.'"

संस्था राजधानीतली, सरकारी होती, आणि ही तिची माती तपासणारी प्रयोगशाळा. देशभरातून आलेल्या मातीची पूड करून ती एक्स-रे यंत्रात ठेवत आणि मिळणाऱ्या आलेखावरून तिच्यात कोणती खनिजं आहेत ते सांगत. यंत्र अजून उत्तम होतं, पण त्याला जोडणारं कार्ड फक्त या चौऱ्याण्णव सालच्या संगणकातच बसत असे. अकरा हजार आलेख त्या एका डिस्कवर होते. फ्लॉप्यांवरच्या प्रतींना कधीच बुरशी लागली होती.

"लॅपटॉपला जोडून पाहिलीस?"

"हो ना. इतकी जुनी आहे की अॅडॅप्टरला ती ओळखूच येत नाही. मग रजिस्टर तीनदा चेक केलं. सिलिंडर आठशे सव्वीस, हेड सोळा, सेक्टर त्रेसष्ट. डिस्कच्या लेबलवरही तेच आहे. आणि रजिस्टर तुमच्या हातचं, म्हणजे तिथे प्रश्नच नाही. डिस्कच गेलीये, मॅडम."

 डिस्क गेलेली नाही, हे मीनाक्षीला हसरे चेहरे दिसले त्याच क्षणी कळलं होतं.

त्या काळच्या संगणकाला डिस्कचं माप सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगावं लागे. खरं माप न सांगता त्याहून थोडं कमी सांगितलं, तरी डिस्क तक्रार करत नसे. सांगितलेल्या मापाने लिहून ठेवत असे. फक्त वाचतानाही तेच चुकीचं माप सांगावं लागे. बरोबर सांगितलं तर सुरुवातीला असलेली नावांची यादी नीट दिसे, पुढचं सगळं सरकलेलं.

शहाण्णव साली जुनी डिस्क बिघडली तेव्हा कंपनीचा इंजिनियर तीन आठवड्यांनी येणार होता. बत्तीस वर्षांची मीनाक्षी म्हणाली होती, मी लावते. तिच्या विभागात तोवर कोणा बाईने संगणकाचं झाकण उघडलेलं नव्हतं. दोघं-तिघं दाराशी उभे राहून बघत होते आणि त्यातला एक हिंदीत म्हणाला होता की बहनजींना करंट लागला तर पंचनामा कोण करणार. प्रयोगशाळेची पद्धत अशी की आधी रजिस्टरात लिहायचं, मग करायचं. तिने लेबल वाचून सोळा लिहिलं. मग टाइप करताना पंधरा टाइप केलं, कारण जुन्या डिस्कची हेड पंधरा होती आणि तो आकडा तिच्या बोटांना पाठ होता.

डिस्क चालली. त्या वेळचे प्रमुख, डॉक्टर उल्हास गुर्जर, यांनी मासिक बैठकीत सांगितलं की मीनाक्षीने एका दुपारीत आपले तीन आठवडे वाचवले. त्यानंतर तीन महिन्यांनी डिस्कवरची जागा मोजताना तिला सव्वीस एमबी कमी दिसले आणि कारण लगेच समजलं. तोवर सहाशे आलेख झाले होते. दुरुस्त करायचं तर सगळं पुसून पुन्हा लिहावं लागणार होतं. पुढच्या सुट्टीत करू, असं तिने ठरवलं.

तसं अठ्ठावीस वर्षं ठरत राहिलं. बॅटरी, म्हणजे एका डबीतले चार पेन्सिल सेल, ती दर वर्षी स्वतः बदलत असे, संगणक चालू असताना, म्हणजे सेटिंग पुसलं जात नाही. या वर्षी डोळ्याच्या धावपळीत ते राहून गेलं होतं. संपूर्ण डिस्कची प्रत काढायची तर दुसरी डिस्क लावावी लागली असती, सेटिंगचा पडदा कोणापुढे तरी उघडावा लागला असता. प्रत काढली गेली नाही. डॉक्टर गुर्जर निवृत्त झाले, नंतर नागपूरला वारले. त्यांना तिने सांगितलं नव्हतं.

साडेबाराला विभागप्रमुख बळवंत रेगे आत आले. हातात एक छापलेला कागद होता.

"या, मीनाक्षीबाई. डोळा काय म्हणतो?"

"बरा आहे, सर. पिवळी दिसणारी भिंत पांढरी निघाली."

"चला, म्हणजे रंगाचे पैसे वाचले." ते हसले. मग कागद पुढे केला. "तुमचा प्रस्ताव. एकतीस तारखेला रिटायरमेंट, एक तारखेपासून कन्सल्टंट, एक वर्ष. आज संध्याकाळी सिस्टिमवर टाकतो. त्याआधी डोळ्याखालून घाला. आता चांगला डोळा आहे."

तिने वाचलं. यंत्राच्या संगणकाची रचना व हाताळणी अन्य कोणासही अवगत नसल्याने, असं तिसऱ्या ओळीत होतं.

"वर काय म्हणतील?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? हे खटारं तुमच्याशिवाय कोणाचं ऐकतं का? आजच बघा ना, तीन आठवडे नव्हतात तर रुसून बसलंय. एवढं एक चालू करून दाखवा. मग बिल्कुल काही बोलणार नाहीत."

ते गेले. मीनाक्षीने कागदाची घडी घातली नाही, तसाच टेबलावर ठेवला. हे वर्ष तिला हवं होतं. मुनिरकाच्या फ्लॅटमध्ये आई होती तोवर सुट्टीचे दिवसही भरलेले असत. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिन्ही आठवडे ती घरीच होती आणि डोळ्यात थेंब घालायच्या वेळांखेरीज दिवसाला दुसरे भाग पडत नव्हते.

"मी जेवून येतो, मॅडम," अंशुमन म्हणाला. "तुम्ही येताय? आज कँटीनला राजमा आहे. तो रोजच असतो, पण आज ताजा आहे म्हणे."

"डबा आणलाय. तू जा."

दार बंद झाल्यावर ती उठली. संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, सेटिंगचा पडदा उघडला. सोळा खोडून पंधरा टाइप केलं. या वेळी फ्लॉपी लागलीच नाही. डिस्क स्वतःच सुरू झाली. तिने कच्छची एक फाइल उघडली. आकड्यांचे दोन रकाने, सरळ, शेवटच्या ओळीपर्यंत. आणखी चार उघडल्या. चारही स्वच्छ.

एक वाजायला दहा मिनिटं होती. अंशुमन आला असता, त्याने पाहिलं असतं, आणि आपल्या वयाच्या मुलांना सांगितलं असतं की म्हातारीने नुसता हात लावला. तो माणूस तीनला येऊन परत गेला असता. बॅटरी पुढची दोन वर्षं टिकली असती.

तिने पुन्हा सेटिंगचा पडदा उघडला आणि पंधराच्या जागी सोळा केलं. संगणक बंद केला. मग डबा उघडून जेवायला बसली.

अंशुमन आला तेव्हा ती हात धुऊन त्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली होती.

"चालू कर. सेटिंगमध्ये जा. हेडच्या जागी पंधरा टाक."

"पण रजिस्टरात सोळा आहे."

"टाक."

त्याने टाकलं. डिस्क सुरू झाली. त्याने एक फाइल उघडली, मग दुसरी, मग यादीच्या अगदी शेवटची. 

"मॅडम, हे कसं कळलं तुम्हाला?"

"मीच टाइप केलं होतं. शहाण्णवमध्ये. लिहिलं सोळा, टाइप झालं पंधरा."

"आणि मग लक्षात आलं?"

"तीन महिन्यांनी."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पुण्याहून येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. नव्या माणसाला रजिस्टर कसं लिहायचं ते मीनाक्षीनेच शिकवलं होतं.

"म्हणजे मी जर तो रिपेअर चालवला असता..."

"तर त्याने चुकीच्या जागा दुरुस्त केल्या असत्या. काही उरलं नसतं. आधी त्या माणसाला फोन कर, येऊ नको म्हणावं."

त्याने फोन केला. "नहीं भैया, हो गया. हाँ, हमारे यहाँ ही हो गया." फोन ठेवून तो म्हणाला, "नोंदीत बॅटरी संपली एवढंच लिहितो ना? ते खोटं नाहीये."

"तेही लिही. हेही लिही." मग ती म्हणाली, "आता दुसरी लावू. तुझ्याकडे ते मेमरी कार्ड होतं ना, डिस्कच्या जागी चालतं ते?"

कार्ड पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं होतं. अंशुमनने झाकण उघडलं. जुन्या डिस्कच्या मागे एक चिमुकली टोपी दोन पिनांवर बसवायची होती, म्हणजे ही पहिली आणि ती दुसरी हे संगणकाला कळतं. मीनाक्षीने वाकून पाहिलं. लांबचं लख्ख दिसत होतं, हातभर अंतरावरच्या पिना एकमेकींत मिसळत होत्या.

"मला दिसत नाहीये. तू कर. कडेकडून दुसरी जोडी."

"ही?"

"लेबलवर आकृती असेल. माझं ऐकू नकोस, ती बघ."

त्याने पाहिलं. "ही नाही, तिसरी."

"मग तिसरी. केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे."

कार्ड बत्तीस जीबीचं होतं, पण त्या संगणकाला पाचशे एमबीच्या पुढे मोजताच येत नव्हतं. "एवढा मोठा प्लॉट आणि एकच खोली बांधायची," अंशुमन म्हणाला. आकडे टाइप करून तो पेन उचलायला गेला, मग थांबला, संगणक पुन्हा चालू केला, पडद्यावर उमटलेले आकडे एकेक वाचले आणि मगच रजिस्टरात उतरवले. तिने त्याला हे सांगितलं नव्हतं.

प्रत व्हायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात मीनाक्षीने शहाण्णवचं पान काढलं. सोळावर एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर पंधरा लिहिलं. शेजारी सही आणि आजची तारीख. समासात जागा थोडी होती, त्यात तिने तीन ओळी लिहिल्या: चूक कोणाची, केव्हा समजली, का दुरुस्त केली नाही. शेवटच्या कारणापुढे तिने एकच शब्द लिहिला होता, संकोच. तो तिला अपुरा वाटला, पण दुसरा अचूक शब्द सुचला नाही.

साडेचारला रेगे आले. अंशुमनने फायली उघडून दाखवल्या.

"वा. मी म्हटलं नव्हतं? बाईंचा हात लागला की..."

"सर, हे वाचा," मीनाक्षीने रजिस्टर पुढे केलं.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"अहो, हे कशाला? आता कोण विचारायला येणार होतं?"

"पुढची डिस्क लावणारा."

"त्याला तोंडी सांगायचं." ते अंशुमनकडे वळले. "तू जरा बाहेर..."

"असू दे, सर. त्यानेच लावलीये. त्याला सगळं माहीत आहे आता."

रेगेंनी रजिस्टर मिटलं. "तेच तर. मीनाक्षीबाई, प्रस्तावात मी काय लिहिलंय ते वाचलंत ना तुम्ही? कोणालाच येत नाही म्हणून तुम्ही. आता ह्याला येतं. प्रतही झाली. दुसरं कारण मी आणू कुठून? आणि वर हे पान. ऑडिटवाले पहिलं तेच उघडतील."

"हो."

"हे पान..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं.

"पानांना क्रमांक आहेत, सर."

"माहीत आहे. दर वर्षी पानं मोजून मीच सही करतो पहिल्या पानावर." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "मी विचार करतो काहीतरी. बघू." दोघांनाही माहीत होतं की बघू म्हणजे काय.

ते गेल्यावर अंशुमन उगाच केबल गुंडाळत राहिला. "मॅडम, मी कोणाला काही बोलणार नाहीये."

"न बोलायला काय झालं? लिहिलंय ते." ती स्टुलावरून उठली. "क्वार्ट्झ लाव. नव्या डिस्कवरचा पहिला आलेख तपासून घेऊ."

क्वार्ट्झची चकती यंत्रात बसवून अंशुमनने दार लावलं. यंत्राचा हात हळूहळू फिरू लागला. मीनाक्षीने टेबल आवरलं. प्रस्तावाचा कागद तिने एकदा वाचला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. प्रिंटरशेजारी कच्च्या कामासाठी एका बाजूने छापलेल्या कागदांचा ट्रे होता. तिने कागद त्यात सगळ्यांत वर ठेवला, कोरी बाजू समोर.

वीस मिनिटांनी अंशुमनने वरचा कागद उचलून प्रिंटरमध्ये घातला. सुई करकरत इकडून तिकडे गेली. कागद बाहेर आल्यावर त्याने तो तिच्या हातात दिला.

तिने तो हात लांब करून धरला, नव्या डोळ्याला दिसेल इतका लांब. क्वार्ट्झचं मोठं शिखर साडेसव्वीस अंशांच्या किंचित पुढे होतं, जिथे असायला हवं तिथे. तिने खाली तारीख घातली आणि कागद सही करायला अंशुमनकडे दिला.