कातळशेतची जमात आणि हाल्वरचं गाव

जुबैदाबीच्या घरी दर शुक्रवारी नॉर्वेचा एक माणूस जेवायला यायचा, आणि ही गोष्ट ठाऊक नाही असं एकही कोकणी घर बहरीनच्या गुदैबिया मोहल्ल्यात उरू नये याची काळजी तिनं स्वतः घेतली होती. हाल्वर त्याचं नाव. जहाजांच्या गोदीत तो इंजिनियर होता आणि तिचा नवरा लतीफ त्याच्या हाताखाली फोरमन. सुरमईचं कालवण खाताना हाल्वरचं नाक लालभडक व्हायचं, डोळ्यांना धार लागायची, पण ताटात शीत उरायचं नाही. "सायब असून रीत आहे त्याला," जुबैदाबी म्हणायची. "नाहीतर आमचे लोक. मटण पोटात घालतात आणि भात नावं ठेवायला ठेवतात."

चौऱ्याऐंशी साली मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिचं गाव कातळशेत, रत्नागिरीकडचं. गाव तिकडं, पण गावाची जमात बहरीनमध्येसुद्धा होती. ईदचं जेवण, कुणाची मयत, व्हिसावर नव्यानं आलेल्या पोराची राहायची सोय, सगळं जमात बघायची. अध्यक्ष लतीफ. म्हणजे कागदावर लतीफ. देगीत मीठ किती आणि कांदा कुणी चिरायचा इथपासून सगळा हुकूम जुबैदाबीचा. पण माणसं गळत गेली. कुणी मुलूख गाठला, कुणी दुबईला सरकला. नऊ घरं राहिली. शेजारच्या वेसवंडी गावची जमात भली दांडगी, आणि तिचा अध्यक्ष इक्बालशेठ कापडवाला गोड बोलून सांगत होता, "लतीफभाय, दोन चुली कशाला? एक करून टाकू."

"मोठा मासा लहान माशाला हेच म्हणतो, चल एक होऊ," जुबैदाबी कालवण वाढता वाढता फणकारली.

हाल्वरनं घास तसाच हातात धरला. गोदीतल्या कामगारांकडून शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "मेरा गाव का भी ऐसाच किया. खलास."

मग त्यानं सांगितलं. त्याचं गाव लिलेविक. डोंगरात घुसलेलं समुद्राचं पाणी, काठानं विखुरलेली घरं, मध्ये चर्च. दीडेकशे वर्षांमागं तिथं कायदा झाला, की ज्या त्या चर्चच्या वस्तीनं आपला कारभार आपण बघावा. मग लिलेविकचे बापे शाळेत जमू लागले, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसू लागले आणि कारभार करू लागले, म्हणजे भांडू लागले. गावातल्या गरिबाला सांभाळायचं कुणी? तर त्याला घरोघर फिरवायचं, आज या घरी जेव, पुढं त्या घरी.

"आमच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांचं ताट तसंच फिरतं!" जुबैदाबी खूश झाली. लोक अगदीच अडाणी नव्हते म्हणायचे.

होडीचा धक्का पाण्याच्या या अंगाला बांधायचा की त्या, यावर लिलेविकात दोन पिढ्या भांडल्या. धक्का एकदाचा झाला, आणि लगेच राजधानीतल्या शहाण्यांनी ठरवलं की एवढ्याशा गावांचा वेगळा संसार परवडत नाही. पलीकडच्या मोठ्या गावात लिलेविक घालून मोकळे झाले. शेवटचा सरपंच हाल्वरचा बाप.

"बापानं मान डोलावली?" जुबैदाबीनं विचारलं.

"हां बोला. माँ ने ना बोला. माँ भी मेंबर था. फिर घर में बहुत दिन दो चाय, अलग-अलग."

"बाई सभेत? हात वर करून?" जुबैदाबीनं डाव खाली ठेवला. "अवो, ऐकलंत? पुढच्या शुक्रवारी जमातीच्या सभेला याला न्यायचा. आपल्या लोकांना कळू दे, एक होणं म्हणजे काय ते."

"अगं, आपल्या सभेत परका माणूस..." लतीफ म्हणाला.

"तुम्ही बोलणार आहात का? तुम्ही बोलायला लागलात की जागा माणूस झोपतो."

सभा एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे तिकडच्या किराणा दुकानाच्या, वरच्या हॉलात भरली. पुढं पुरुष, मागं आडवा पडदा आणि पडद्यामागं बायका. जुबैदाबी पडद्याला नाक लावून पहिली. हाल्वर उभा राहिला आणि घाम पुसत त्यानं सगळं सांगितलं. नावाची पाटी गेली, कचेरी गेली, शाळा गेली. पुरुष चुकचुकले. जुबैदाबीला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात इक्बालशेठनं अगदी लाडानं विचारलं, "सायब, बाद में रस्ता बना?"

"बना. अच्छा रस्ता."

"डॉक्टर आया?"

"आया."

"बुढ्ढे लोग का घर?"

"बहुत अच्छा घर," हाल्वर म्हणाला. "मेरा बाप उधरीच है."

"या अल्ला," जुबैदाबी पडद्याआड पुटपुटली. "खरं बोलायची काय घाई होती मेल्याला!"

मग हात मोजले. मत फक्त कातळशेतवाल्यांचं, घरटी एक पुरुष. एक व्हायला चार हात वर आले, नको म्हणायला पाच. नको म्हणणाऱ्यांत दोघेतिघे पडद्याकडं बघत होते, पण हात हात असतो. इक्बालशेठनं मान डोलावली. "ठीक. कातळशेतची मर्जी." लतीफनं सुटकेचा निःश्वास सोडला.

इथं गप्प बसती तर ती जुबैदाबी कसली? पाच आणि चार! एका हातानं वाचले म्हणून वेसवंडीवाले मुलखापर्यंत दात काढतील. कातळशेत म्हटल्यावर जय कसा देगभर पाहिजे.

"थांबा!" पडद्यामागून आवाज आला. "बायकांचे हात मोजा."

पुरुष हसले. लतीफ पडद्याजवळ येऊन कुजबुजला, "झालं ना आपल्या मनासारखं. खलास कर."

"या सायबाच्या आईचा हात मोजला, तो काय सोन्याचा होता? जमातीचा कांदा आम्ही चिरायचा आणि हात तुमचे? मोजा!"

इक्बालशेठनं दाढी कुरवाळली. बाजारात आयुष्य गेलेला माणूस तो. "भाबी म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "आजपासून बायकांचा हात धरायचा. बोला, एक व्हायचं कुणाकुणाला?"

पडद्याच्या वर पहिला हात गेला तो हिरव्या काचेच्या बांगड्यांचा. या बांगड्या जुबैदाबीनंच घेऊन दिल्या होत्या, सुनेला. ताहेरा बाजूच्या भिंतीकडं बघत होती. तिच्यामागं नसीमाचा हात गेला. मग शरीफुन्निसाचा, तोही दुखऱ्या खांद्याचा, जो कांदा चिरायला म्हणून कधी वर येत नव्हता. मग बाकीच्यांचे. पडद्याआड नुसत्या बांगड्या वाजत होत्या. कुणी जुबैदाबीकडं पाहिलं नाही. तिनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. पोटभर जेवल्यासारखी दिसत होती सगळी.

"नको कुणाला?" इक्बालशेठनं विचारलं.

एक हात वर गेला. तो ताठ होता आणि बराच वेळ वर राहिला.

कातळशेतची जमात अशी बुडाली. बायकांनी बुडवली, आणि बायकांना हात दिला कुणी, हे त्या हॉलात कुणाला विचारायची गरज नव्हती. लतीफ बुटांचे बंद बांधायला वाकला तो उठेचना. हाल्वरला काय झालं ते नीटसं कळलं नव्हतं. तो सगळ्यांशी हात मिळवत होता.

इक्बालशेठ पडद्याजवळ आला. "भाबी, दिलाला लावून घेऊ नका. वेसवंडी तुमचंच घर."

"ते तर झालंच," पडद्यामागून जुबैदाबी म्हणाली. आवाज जरा बसला होता, पण मोडला नव्हता. "बायकांचा हात धरायचा, हे तुम्ही चारचौघांत बोललात."

"बोललो. इक्बालचा शब्द म्हणजे शब्द."

"मग नव्या जमातीचा अध्यक्ष कधी निवडायचा?"

इक्बालशेठचा हात दाढीवरच थांबला. "बघू ना. इंशाल्ला, सावकाश..."

"इंशाल्ला आहेच. तारीख सांगा."