उकिरड्यात न पचलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी कीटकनाशक पावडर आहे. मला आता कुणी ओळखत नाही, आणि तेच बरं आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास केवळरामने मला लाखांदूरच्या दुकानातून आणलं. एसटीत अगदी मांडीवर घेऊन बसला होता! धानाच्या ढोलीभोवती मला भुरभुरलं की वाळवी पार गारद. "लय जालीम हाय," असं तो चारचौघांत सांगायचा आणि मी फुगून जायचे. आता ते आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

पुढे माझ्यावर बंदी आल्याचं त्याच्या कानावर आलं. उरलेलं पोतं त्याने परसातल्या उकिरड्याच्या खड्ड्यात गाडलं. "उकिरडा सारं पचवते," म्हणाला. शेण पचलं, पालापाचोळा पचला, पोतंही कुजलं. मी मात्र चिकणमातीला धरून बसले. शंका नको म्हणून त्याने वरून घागरीवर घागरी ओतल्या. पाणी निथळून गेलं, मी तिथेच. "गेली धुवून," म्हणत तो निर्धास्त झाला.

खड्डा भरला की त्यावर डांगर, म्हणजे लाल भोपळा, लावायची आपल्याकडे रीतच आहे. केवळरामच्या बायकोने, सुलोचनाबाईने, बिया टोचल्या. आणि काय सांगू, पाण्याला न सुटलेली मी त्या वेलाच्या मुळाशी सुटले! मुळातून वेलात, वेलातून फळात. डांगर असं धरलं की शेजारणी बघायला आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण केवळरामची लेक रुपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"खाय वं बाई, पोटातल्या लेकराले ताकद येईल," सुलोचनाबाईने भाजी वाढली.

तेवढ्यात, पाऊस लागल्यापासून धानाच्या बांधीवरच मुक्कामाला असलेला केवळराम घरी आला. "डांगर कोठचा?"

"उकिरड्यावरचा. काहून जी?"

त्याने रुपाचा हात धरला. "नोको खाऊ, माय! तठी मी पावडर गाडलो होतो."

"धुवून गेली म्हने ना तुम्ही?" सुलोचनाबाई म्हणाली.

"गेली असंन. नसली गेली त?"

रुपाने पोटावर हात ठेवला. "बाबा, आल्यापासून हेच खाऊन राहिली मी."

केवळरामने तिच्यापुढचं ताट उचललं.

वेल उपटला. डांगर गाईलाही घातलं नाही. जागेला काट्याचं कुंपण घातलं. रुपाला मुलगी झाली. ठणठणीत आहे, सगळे म्हणतात.

मित्रांनो, माझ्यासारखं काही उरलं तर मातीत गाडू नका हो. मातीला ते पचत नाही, आणि माती सांगतही नाही. नात आजोळी आली आणि जरा खोकली, की केवळराम आधी कुंपणाकडे बघतो. मी तिथेच असते.