चार कड्या

कारखान्यातले सगळे फोरमनना पाठीमागे 'टनराव' म्हणत. तीस वर्षं त्यांनी दगड फोडायची यंत्रं जोडली होती. टनाच्या आतलं काहीही असो, त्याला ते खेळणं म्हणत. आणि नशीब बघा, त्याच कारखान्यानं छोटी मोटार करायला घेतली. आराखडा काढला त्यांच्याच लेकीनं, जोडणी आली त्यांच्या गळ्यात.

आज निकाल होता. मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, सहाशे किलोच्या आत बसली तर मोटारीचा विभाग सुरू, नाहीतर परत दगडफोडी. बाई शब्दाच्या पक्क्या. टनरावांना सकाळपासून घास उतरत नव्हता, पण लेकीसमोर 'होतंय गं सगळं' असं त्यांनी सतरांदा म्हटलं होतं.

लाल, गोलमटोल मोटार वजनकाट्यावर चढली. हातातलं काम टाकून सगळा कारखाना गोळा झाला. आकडे पळाले आणि थांबले. सहाशे अकरा.

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "शक्य नाही. एकेक भाग मी तोलून घेतलाय. पाचशे त्र्याण्णवच भरायला हवी."

तिनं यादी काढून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दारं, काचा, इंजिन. 'तळाचा सांगाडा' आला आणि टनरावांना घाम फुटला.

त्या कारखान्यातून कुठलंही यंत्र चार कोपऱ्यांना चार जाड कड्या लावल्याशिवाय बाहेर पडत नसे. कड्या नसतील तर क्रेन उचलणार कशी? ते कागदावर कधी नसायचंच; घरात मिठाचा डबा कुठे आहे हे कोणी लिहून ठेवतं का? हात आपोआप चालले होते.

गप्प राहिलं असतं तर खापर आराखड्यावर फुटलं असतं. लेक तर रडकुंडीला आली होती.

"कड्या," ते म्हणाले. "खालून चार कड्या लावल्यात मी. पट्ट्यांसकट साडेचार किलोची एकेक."

मग बाईंनाच हसू फुटलं. "जित्याची खोड, फोरमन. अर्धा तास देते."

टनराव वळून ओरडले, "क्रेन आणा रे."

"बाबा, कड्या काढायला कड्यांनाच धरून उचलणार?" लेक म्हणाली. "इकडे या. धरा."

आठजणांनी एका बाजूनं हात घातला. टनरावांनीही घातला. मोटार उचलली गेली, हातांनी, आणि खाली लाकडी ठोकळे सरकले. टनराव आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. त्यांनी जोडलेलं काही माणसांनी हातानं उचललेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला, की पाना दोनदा हातातून सुटला.

एक बाजू झाली, दुसरी झाली. मोटार पुन्हा काट्यावर चढली. पाचशे त्र्याण्णव.

टाळ्यांनी पत्रे हलले. बाई म्हणाल्या, "उद्यापासून मोटारीचा विभाग. आता चालवून दाखवा."

लेक स्टिअरिंगमागे बसली आणि तिनं शेजारचं दार उघडलं. टनराव चार कड्या पोटाशी धरून उभेच.

"बसा ना, बाबा."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. त्यांनी जोडलेल्या एकाही यंत्रात माणसाला बसायला जागा नव्हती.

"कड्या खाली ठेवा आधी," लेक म्हणाली.

त्यांनी त्या जमिनीवर ठेवल्या, आत बसले, आणि दार अगदी हळू ओढून घेतलं.