दर रविवारी दहा मिनिटं

मिस्त्रीने तेलाचं झाकण काढून आत बोट फिरवलं. बोटाला सायीसारखा पांढरट थर आला. तेलात पाणी होतं. त्याने बोट फडक्याला पुसलं.

दोन दारांची ती पिवळी स्पोर्ट्स कार साहेब गेल्यापासून सोळा वर्षं गॅरेजात उभी होती. जेमतेम चौतीस हजार किलोमीटर धावलेली. अशी इंजिनं तीन लाखांच्या पुढे गेलेली त्याने पाहिली होती. रोज तापणारं इंजिन झिजतं, पण कुजत नाही. गाडी घेणारा उद्या येणार होता, म्हणून साहेबांच्या पत्नीने, वहिनींनी, त्याला बोलावलं होतं. साहेबांच्या हयातीत दुरुस्तीसाठी त्याच्याशिवाय गाडीला कुणी हात लावला नव्हता.

साहेबांनी जाताना वहिनींना एकच बजावलं होतं, गाडी बंद पडू देऊ नकोस. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्या दर रविवारी सकाळी इंजिन चालू करायच्या, शेजारच्या सीटवर जाऊन बसायच्या आणि दहा मिनिटांनी बंद करायच्या. एकही रविवार चुकवला नव्हता.

"आवाज सुरू झाला की चालवणारा आल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने फडक्यावरच्या पांढरट डागाकडे पाहिलं. त्या दहा मिनिटांनीच इंजिन खाल्लं होतं. नीट तापायच्या आत बंद, आणि दर वेळी आत थोडी वाफ साचून तिचं पाणी तेलात उतरलेलं.

"मी नीट सांभाळली ना?"

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं, खरं त्याहून. "विकू नका, वहिनी. इंजिन आतून गेलंय. उभ्या गाडीचं असंच होतं."

वहिनी समजायचं ते समजल्या. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मग एकदा रस्त्यावर न्या."

त्याने तेल बदललं, चाकांत हवा भरली, ब्रेक तपासले. वहिनी शेजारी बसल्या. गावाबाहेरच्या चढावर सोळा वर्षांत पहिल्यांदा इंजिन पुरतं तापलं आणि घसा मोकळा करून गरजलं. वहिनींनी डोळे मिटले. मग खालून टकटक सुरू झाली. मिस्त्रीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या, हे त्याला कळलं. त्याने पाय पुन्हा दाबला.

चढाच्या माथ्यावर टकटकीचा ठोका झाला आणि एका धक्क्यात इंजिन बंद पडलं. घरंगळती गाडी कडेला घेऊन मिस्त्री खाली उतरला, पाठ फिरवून उभा राहिला.

वहिनी बऱ्याच वेळाने उतरल्या. दार त्यांनी अगदी हळू लोटलं, आत कुणाचा नुकताच डोळा लागला असावा तसं.