वस्तऱ्याची धार

ताईने धाकट्याच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला. खुंट टोचले.

"हे काय? मशीनने केलीस दाढी?"

"वस्तऱ्याची धार गेलीय."

धाकटा गेली सव्वीस वर्षं न्हावी होता. मशीनने दाढी करणाऱ्यांना तो गवतकापे म्हणायचा. त्याच्या वस्तऱ्याची धार गेली, हे ताईच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. तिने त्याची बाही वर सारली. दंडावर निळेजांभळे डाग होते. मग तिने सरळ टेबलाचा खण उघडून दोन महिन्यांचे रिपोर्ट बाहेर काढले. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्या सत्तावीस हजार.

आठ महिन्यांपूर्वी तिने आपल्या यकृताचा तुकडा त्याला दिला होता.

"माझंच यकृत कुचकामी निघालं ना?"

"बघ! तू हेच म्हणशील म्हणून तर बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्याला जवळजवळ कान धरूनच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली.

"दोनदा तारीख दिली, हे आलेच नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तुमचा तुकडा ठणठणीत आहे हो. खोड आहे ती यांच्या डाव्या कुशीतल्या प्लीहेची. जुनं यकृत बिघडलं तेव्हा ती फुगली, ती अजून फुगलेलीच. प्लेटलेट आत अडकवून ठेवते, म्हणून रक्त लवकर थांबत नाही."

"मग काढून टाका मेलीला!"

"काढली तर जंतूंशी लढणारा एक जण कमी होईल. नवं यकृत टिकवायच्या गोळ्यांमुळे यांची ताकद आधीच बेताची. त्यापेक्षा बारीक नळी घालून तिचा रक्तपुरवठा थोडा बंद करू. नंतर ताप आला, तर मात्र लगेच कळवायचं."

"कळवेल. न कळवून सांगतो कुणाला?"

नळी घातली. चार दिवस डाव्या कुशीत कळा आल्या, ताप चढला, उतरला. घरी आल्यावर धाकट्याने सूड उगवायचा म्हणून तासातासाला ताप मोजून फोन लावला.

"ताई, अठ्ठ्याण्णव."

"बरं."

"ताई, अजून अठ्ठ्याण्णवच."

ती वैतागायची, पण एकही फोन तिने चुकवला नाही.

तीन आठवड्यांनी ती सकाळीच त्याच्या दारात उभी राहिली. घंटी वाजवली, तरी दार उघडेना. पुन्हा वाजवली. शेवटी दार उघडलं. धाकट्याच्या एका गालावर फेस होता, हातात वस्तरा आणि हनुवटीवर कागदाचा कपटा. कपट्यावर लाल ठिपका.

"अरे देवा! कापलंस?"

"पहिल्या घंटीला दचकलो."

"मग दार उघडायला एवढा वेळ?"

"आरशात बघत उभा होतो," तो म्हणाला. "थांबतंय का ते."

तिने कपटा हळूच काढला. खाली केसाएवढी रेघ होती, कोरडी. तिने त्यावर अंगठा ठेवला, उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. अंगठा स्वच्छ होता.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि स्टूल ओढून आरशासमोर बसली.

"हं, दुसरा गाल कर. मी बघते."