अकरा नंबरची मान

उज्ज्वलाच्या आवाजाबद्दल काय सांगावं! भेस्तानच्या चाळीत तिनं "आई गं" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतली मांजर भिंतीवरून उडी टाकायची. पण दोष तिचा नव्हता. आठवीत असताना वडील अंथरुणाला खिळले, दप्तर खुंटीला लागलं आणि ही पोर लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायला लागली. तिथे शंभर माग एकदम खडखडतात. ओरडलं तरच ऐकू जातं, आणि ओरडून घसा बसला की मग हात बोलतात. अशी तिची सहा वर्षं गेली.

पण पोरगी हटली नाही. बाहेरून दहावीला बसली, गणितात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा सुटली आणि थेट नर्सिंग असिस्टंटच्या ट्रेनिंगला जाऊन नाव घातलं. तिची आई पुष्पाबाई नळावर ज्याला त्याला आपल्या अहिराणीत सांगायची, "मनी पोर आते नर्स व्हई!"

ट्रेनिंगमध्ये सगळं जमलं. चादर ताणून घालणं तर कापडातल्या पोरीला हातचा मळ. घोडं अडलं ते आवाजापाशी. तिनं "आजी, गोळी घ्या" म्हटलं की आजीच्या आधी शेजारचे तीन पेशंट गोळी घ्यायला हात पुढे करायचे.

"अरे बेन, धीमे!" वॉर्डच्या मोठ्या गुजराती सिस्टर गायत्रीबेन कपाळाला हात लावायच्या.

आज शेवटचा दिवस होता. कार्डावरच्या सगळ्या चौकोनांत सह्या झाल्या होत्या. फक्त 'रुग्णाशी बोलणे' हा चौकोन कोरा होता. तो कोरा राहिला तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर याच वॉर्डात मिळणारी नोकरीही नाही.

"अकरा नंबरचे बाबुराव," गायत्रीबेन सकाळी सातलाच म्हणाल्या. "हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. उपाशी राहा म्हटलं की मान हलवतात आणि गुपचूप खारी खातात. दहा वाजेपर्यंत त्यांना उपाशी ठेव. आणि ओरडायचं नाही! दोन्ही जमलं तर सही."

उज्ज्वला बाबुरावांजवळ गेली. पांढऱ्या मिशा, भला चेहरा. तिनं साखरेत बुडवून काढल्यासारखा आवाज लावला, "बाबा, आज चहा नाही, खारी नाही. पाणीसुद्धा नाही. कळलं?"

बाबुरावांनी मान हलवली. छान, लांब, दोनदा.

'हात्तिच्या! एवढं सोपं?' म्हणत ती वळली आणि मागे कागद कुरकुरला. बाबुरावांचा हात उशीखाली! तिनं खारीचा पुडा अक्षरशः ओठांपासून ओढून घेतला.

"म्हातारा लबाड आहे," बारा नंबरचे काका म्हणाले. "हो म्हणतो नि खातो!"

उज्ज्वलानं ओरडायला छाती भरून श्वास घेतला. दारात गायत्रीबेन उभ्या. श्वास तसाच आत गिळला. आणि त्या गिळलेल्या श्वासासरशी तिला एकदम आठवलं. ही मान तिनं पाहिलीय! रोज पाहिलीय! कारखान्यात मास्तर काही सांगून गेला की सगळे कारागीर अश्शीच मान हलवायचे. त्या मानेचा अर्थ 'कळलं' असा नसायचाच. 'तुमचं तोंड हलताना दिसलं' एवढाच असायचा! आणि बाबुरावांच्या बोटांवर सुताच्या गाठी मारून मारून पडलेले घट्टे होते. म्हातारा लबाड नव्हता. मागांनी त्याचे कान खाल्ले होते, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

ती त्याच्या समोर बसली. अंगठा ओठांना लावला: चहा. मग दोन्ही मनगटं एकमेकांवर फुलीसारखी ठेवली: कारखान्यातली खूण, माग बंद. पोटावर हात फिरवून पुन्हा फुली. मग भिंतीवरच्या घड्याळातला दहाचा आकडा दाखवला.

बाबुरावांचे डोळे असे चमकले, जणू गावाकडचं माणूस भेटलं! त्यांनी झटकन दोन बोटं ओठांना लावली. बिडी?

उज्ज्वलानं फुली मारली. मोठ्ठी.

म्हातारा पोट धरून हसला, मग उशीखालून दुसरा पुडा काढून स्वतःच तिच्या हातात दिला. बारा नंबरचे काका तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

दहाला ऑपरेशनला न्यायला ट्रॉली आली. जाता जाता बाबुरावांनी हवेत बोट गरगर फिरवलं: माग चालू!

"तू बोललीस काय त्यांच्याशी?" गायत्रीबेननी पेन काढत विचारलं.

"काहीच नाही बोलले, बेन!" आनंदाच्या भरात उज्ज्वला ओरडली, आणि अख्खा वॉर्ड दचकून उठून बसला.

पेन चौकोनावर थांबलं. उज्ज्वलानं हळूच स्वतःच्याच तोंडापुढे मनगटांची फुली धरली.

गायत्रीबेन इतक्या हसल्या की सही वेडीवाकडी आली. "दुपारी सगळ्या सिस्टरना हे हात शिकव," त्या म्हणाल्या. "आणि धीमे शिकव!"